रांजणातल्या पुरचुंड्या

खून, दरोडे, दंगली, सगळं पाहून झालं. लोकांना त्याच गोष्टी ऐकायच्या असतात. घरी पाहुणा आला की चहाचा कप हातात येण्याआधीच विचारतो, "साहेब, एखादी भारी केस सांगा की." मी सांगतोही. पण एकटा बसलो की माझ्या मनात जे प्रकरण अजून जसंच्या तसं उभं राहतं, ते आहे एका म्हातारीच्या चांदीचं. त्यात कुणाला अटक झाली नाही, कोर्टात काही गेलं नाही आणि वरिष्ठांनी पाठही थोपटली नाही. बायको म्हणते, बक्षीस मिळालं होतं, पण ते डब्यात मिळालं. ती असं का म्हणते ते पुढे कळेलच.

निवृत्ती जवळ आली होती. जिंतूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव घेणार नाही. त्यातली बरीच मंडळी आजही तिथंच राहतात, भेटली की मायेनं बोलतात, आणि ते मला बिघडवायचं नाही.

सोयाबीनची काढणी चालू होती. या दिवसांत ठाण्यात येणारे अर्ज ठरलेले. बांध कोरला, गंजीला आग लावली, मळणीयंत्रवाल्यानं शब्द फिरवला. सकाळची हजेरी झाली, कोठडीची पाहणी झाली आणि मी खुर्चीत बसतो न बसतो तोच एक चाळिशीचा माणूस आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टाईप केलेला अर्ज. बी-बियाण्यांचं दुकान होतं त्याचं, गावात वजन होतं. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. मेंढरं वडिलांच्या काळातच गेली आणि शेती-दुकान आलं.

अर्जाचा मजकूर असा : त्याची विधवा चुलती गावाच्या कडेला जुन्या घरात एकटी राहते. तिला मूलबाळ नाही. अर्जदारानं परवा तिची लाकडी पेटी उघडली तेव्हा कळलं की आतली जोडवी, मासोळ्या आणि कमरेची चांदीची साखळी नाहीशी झाली आहे. घरात रोज जाणारी बाहेरची व्यक्ती एकच, डबा पोचवणारी बाई. तिच्यावर संशय आहे, तरी गुन्हा दाखल करावा.

आता या डब्याबद्दल सांगायला हवं. गावातल्या बौद्ध वस्तीत विहाराला लागून एक पत्र्याची खोली होती. तिथं बायका मिळून स्वयंपाक करत आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच डबा देत. गावात अशी म्हातारी माणसं पुष्कळ. पोरं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला कंपनीत, आणि मागं आई-बाप टीव्हीसमोर. हे काम सुरू केलं अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एका सेविकेनं. सारा गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. शेजारचा एक म्हातारा तापानं पडला होता आणि त्याची चूल पेटलेली नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो वाचला, पण बाईंनी धसका घेतला. मग कुणी पीठ दिलं, कुणी डाळ, कुणी जळण, आणि चूल पेटली ती पेटलीच. डबा सगळ्या वस्त्यांवर जायचा. कोण कुठला, हे तिथं कुणी विचारत नसे.

अर्जदार ते विचारत होता, फक्त सरळ शब्दांत नाही. "साहेब, लोक मला म्हणायलेत, पुतण्या जिवंत असताना म्हातारी लोकाच्या चुलीवरचं खायलीय." 'लोकाच्या' या शब्दावर त्यानं जरा जोर दिला. कोणते लोक ते मला समजलं, आणि मला समजलं हे त्यालाही समजलं. माणूस वाईट नव्हता. चुलतीला घरी आणायचा त्यानं दोनदा प्रयत्न केला होता. ती फरशीवर पाय घसरतो म्हणून परत गेली होती. त्याला चांदीपेक्षा बोलणं जास्त लागलं होतं. मी लगेच गुन्हा नोंदवला नाही, अर्ज चौकशीवर ठेवला.

आमच्या जमादारानं मात्र दुपारपर्यंत केस उघडकीस आणली होती. त्याच्या खबऱ्यानं, म्हणजे बसस्टँडसमोरच्या चहावाल्यानं, डबेवालीला सराफाच्या दुकानाची पायरी चढताना पाहिलं होतं. जमादार हे सांगताना असा उभा होता की जणू मी आता पेढेच मागवणार.

डबेवालीला ठाण्यात बोलावलं, सोबत महिला शिपाई बसवली. पस्तिशीची, सावळी, उन्हानं रापलेली बाई. सकाळी शेतमजुरी, दुपारी डबे. चौकशीत माणूस खोटं बोलतो तेव्हा जास्त बोलतो, असा माझा अनुभव. ही विचारलं तेवढंच बोलत होती. सराफाकडं गेले होते, नाकातल्या चमकीची फिरकी ढिली झाली होती, एवढंच. सराफानंही तेच सांगितलं आणि जमादाराचे पेढे राहून गेले.

उठताना ती म्हणाली, "साहेब, मी आजीच्या पेटीकडं कवा बघितलं न्हाई. पर आजीकडं रोज बघते. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठंना झालाय, तवापासून ती लय गप गप राहायलीय." मेंढरांच्या दोऱ्या वळून आणि रानं तुडवून त्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या होत्या. मशीनला ती म्हातारी ओळखू येत नव्हती, म्हणून पोळ्यापासून तिचं धान्य बंद होतं. मी हे ऐकलं आणि जबाबाशी संबंध नाही म्हणून सोडून दिलं.

ठाण्यात बोलावणं म्हणजे गावाच्या दृष्टीनं निकाल लागल्यासारखंच. संध्याकाळपर्यंत डबेवालीचं नाव गावभर झालं. दुसऱ्या दिवशी ती डबे घेऊन निघाली तर दोन घरांनी दार उघडलं नाही. तिच्या सासूनं तिला घरात बसवलं. बाकीच्या बायका घाबरल्या. उद्या आपल्यावर आळ आला तर काय, या भीतीनं एकेक जण यायची बंद झाली आणि त्या खोलीतली चूल विझली.

बाई स्वतः ठाण्यात आल्या. पांढरी साडी, चष्मा, आवाज अंगणवाडीतला. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. "गुन्हा दाखल करायचा तर करा, नसंल करायचा तर तसं सांगा," त्या म्हणाल्या. "पण जे काय ठरवायचं ते लवकर ठरवा, साहेब. भूक चौकशीवर ठेवता येत नसती." माझ्या टेबलावरच्या त्या एका कागदामुळे गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांचं जेवण थांबलं होतं, आणि तो कागद खरा-खोटा ठरेपर्यंत ते थांबूनच राहणार होतं.

म्हणून मी आजीकडं गेलो. एका खणाचं घर, समोर मेंढरं कोंडायचा रिकामा वाडगा, खुंटीवर नवऱ्याची घोंगडी. आजी उंबऱ्यात बसली होती. डोळ्यांना कमी दिसत होतं पण कान तिखट. पोलीस आला म्हटल्यावर भलेभले दार लावून घेतात. हिनं मला पाणी दिलं आणि माझी भाषा ऐकून गाव विचारलं. मग मी चांदीकडं वळलो.

"आजी, चांदी हरवली ना?"

"हरवली न्हाई."

"मग कुठं आहे?"

"जिथं जायची तिथं गेली."

यापुढं एक अक्षर नाही. मी सराईत चोरांना बोलतं केलं होतं, पण या म्हातारीपुढं माझे सगळे डावपेच लुळे पडले. निघताना चुलीकडं नजर गेली. राख थंड होती. बाईंची चूल विझल्यापासून तिनं काय खाल्लं होतं देव जाणे. पुतण्याच्या घरून ताट आलं होतं, ते तिनं तसंच परत धाडलं होतं. ज्याला त्या पोरीचा डबा खुपतो त्याचं खाणार नाही, असा निरोप दिला होता.

घरी जेवायला बसलो तेव्हा मी हे बायकोला सांगितलं. तिनं माझ्या ताटात भाकरी टाकता टाकता विचारलं, "आणि तुम्ही तसेच परत आलात?" मी म्हणालो, मी चौकशीला गेलो होतो. ती म्हणाली, "कळलं." आमच्या घरात 'कळलं' या शब्दाचा अर्थ काय होतो हे लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निघताना माझ्या हातात डबा होता. ज्वारीची भाकरी, वरण, मेथीची भाजी आणि वर लसणाची चटणी.

आजीनं आधी विचारलं, कुणी रांधलं. घरच्यांनी, म्हटल्यावर ती बसली आणि सावकाश जेवली. भाकरी मऊ झालीय म्हणाली, चटणी जरा तिखट हवी होती म्हणाली. मग डबा घेऊन आत गेली, घासून-पुसून घेतला, बराच वेळ आत काहीतरी करत राहिली आणि झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिला. मी तो जीपच्या मागच्या सीटवर टाकला. रस्त्यानं आत काहीतरी आपटत होतं. मला वाटलं, चमचा असेल.

बायकोनं डबा उघडला आणि मला हाक मारली. आत चमचा नव्हता. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली एक पुरचुंडी होती, आणि पुरचुंडीत चांदीचं एक जोडवं.

"अहो ठाणेदार," बायको म्हणाली, "चोरीचा माल तर तुमच्याच घरात निघाला."

ज्या चांदीसाठी जमादार गावभर वास घेत फिरत होता, ती माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडली होती. बायको मात्र पदराच्या टोकानं जोडवं पुसत होती आणि तिचा आवाज बदलला होता. ती म्हणाली, "शेजारच्या काकूंची वाटी मी कधी रिकामी परत केलीय का? साखर घालते, शेंगदाणे घालते, काही नसलं तर चार मिरच्या घालते. तिच्या घरात घालायला काही राहिलंच नसेल."

रिकामं भांडं परत करायचं नाही. आपल्याकडं हे कुणी कुणाला शिकवत नाही, बघून बघून हाताला सवय लागते. माझी आईही तेच करायची. रेशनचं धान्य येत होतं तोवर आजी डब्यात मूठभर गहू घालत असणार. मशीननं अंगठा नाकारला, धान्य थांबलं, आणि ती पेटीकडं वळली. डबेवालीनं ठाण्यातून उठताना मला हेच सांगितलं होतं, पण मी ते जबाबात घेतलं नव्हतं.

आता एकच प्रश्न उरला. रोजच्या डब्यातून गेलेली बाकीची चांदी होती कुठं? मी बाईंकडं गेलो आणि विचारलं, डबे परत येतात तेव्हा त्यात काय असतं? बाईंनी मला खोलीच्या आतल्या कोपऱ्यात नेलं. तिथं मोठा मातीचा रांजण होता. झाकण काढलं तर आत नुसत्या पुरचुंड्या. धोतराच्या, लुगड्याच्या, उशीच्या अभ्र्याच्या, कुठल्या कुठल्या चिंध्यांच्या.

म्हातारी माणसं डबा रिकामा देत नाहीत, हे बायकांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. नको म्हटलं तर ती डबाच नको म्हणायची. मग बाईंनी नेम घालून दिला. जे येईल ते घ्यायचं, हातात तोलायचं नाही, उघडायचं नाही, तसंच रांजणात सोडायचं. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी बाई एकट्या बसून गाठी सोडत. निघेल त्या धान्याची खीर जयंतीच्या जेवणात व्हायची आणि सगळ्यांच्या पानात पडायची. चौकशीत हे कुणीच बोललं नाही, कारण चोरीच्या मालाशी रांजणाचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. जिथं कुणी बघायचंच नाही तिथं चांदी येऊन पडली होती आणि कुणालाच पत्ता नव्हता.

मी म्हणालो, पंच बोलावतो, रांजण पालथा करू, पंचनामा झाला की डबेवाली मोकळी. बाई रांजणासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, यात एका म्हाताऱ्यानं नुसते खडे बांधून दिलेत. टाकताना वाजले, म्हणून मला कळलं. त्याच्याकडं द्यायला दुसरं कायबी न्हाई. चिंधी बघितली की कुणाची ते गावाला कळतं. तुमी हे चार माणसांपुढं सोडलं, तर तो उद्या माझ्या हातची भाकर खाईल का?"

झडती घ्यायचा मला अधिकार होता आणि एका निरपराध बाईचं नाव त्यावर अवलंबून होतं. पण त्या खडेवाल्याचं जेवणही त्याच रांजणात होतं. मी तिथंच ओट्यावर बसलो आणि बाईंनी केलेला बिनसाखरेचा चहा प्यालो. मग जीप पाठवून आजीला आणलं, पुतण्याला बोलावलं, डबेवालीला सासूसकट बोलावलं, आणि गावातली दोन जाणती माणसं पंच म्हणून घेतली. पंचांना आधीच सांगितलं, आजी ज्या गाठी दाखवील तेवढ्याच उघडायच्या, बाकीच्यांकडं बघायचंसुद्धा नाही.

आजीला ओट्यावर बसवलं. मी खिशातून जोडवं काढून तिच्या हातावर ठेवलं. ती चिडली. "हे तुमच्या मालकिणीला दिलतं."

मी सगळी हकिकत सांगितली. डबेवालीवर आळ आला आहे, चूल विझली आहे, हेही सांगितलं. चूल विझल्याचं तिला ठाऊक होतं. पण तिच्या चांदीपायी पोरीला ठाण्यात बसवलं, हे पुतण्यानं तिच्या कानावर घातलंच नव्हतं. तिनं रांजणात हात घातला. कोकराला बांधतात तशी गाठ ती मारायची. बोटांनी चाचपून तिनं आपल्या पुरचुंड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि ओट्यावर मांडल्या. पंचांनी गाठी सोडल्या. दुसरं जोडवं निघालं, मासोळ्या निघाल्या, आणि बाकीच्यांत निघाले साखळीचे तुकडे. दगडानं ठेचून ठेचून तिनं कड्या सुट्या केल्या होत्या.

एका पंचानं विचारलं, अशी तोडली कशाला?

"सगळी एकदम दिली असती तर दुसऱ्या दिवशी काय दिलं असतं?" आजी म्हणाली. "रिकामा डबा कसा धाडू?"

आमचा जमादार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पुतण्या त्या कड्यांकडं बघत होता. तो म्हणाला, "काकू, रेशन बंद झालं हे मला कामून न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं कवा?" आजी म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मग नवाच तिढा उभा राहिला. बाई चांदी ठेवून घेईनात आणि आजी परत घेईना, दिलेलं परत घेत नसतात म्हणाली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माल माझा आहे म्हणून भांडणारे हजार पाहिले होते, माल माझा नाही म्हणून भांडणारे पहिल्यांदाच पाहत होतो. तो तिढा सोडवला डबेवालीनं. ती आजीजवळ जाऊन बसली. "आजी, ह्याच्यापायी मला लोक चोर म्हणायलेत," ती म्हणाली. "हे तुमी घरी न्या. मला डब्यात चिंचोका द्या, मी तो घेते. पर उद्या दार उघडा."

आजीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि चांदी पदरात घेतली. पुतण्या पुढं आला, सगळ्यांसमोर त्यानं डबेवालीपुढं हात जोडले आणि म्हणाला, आजपासून काकूच्या डब्यात घालायला माझ्या घरून येईल. घरी चल असंही तो चुलतीला म्हणाला. ती नाही म्हणाली. तुझ्या घरी सगळे कामात असतात, ही पोरगी रोज येते, दोन शब्द बोलते, मला तेवढं पुरतं, असं तिचं म्हणणं.

बायकांनी तिथल्या तिथं चूल पेटवली. पहिली भाकरी आजीच्या हातावर पडली. दुसरी बाईंनी पुतण्यापुढं धरली. त्यानं क्षणभर भाकरीकडं पाहिलं, मग खाली मांडी घालून बसला आणि जेवला. याची नोंद डायरीत करायची नसते, पण मी पाहिलं आणि मला मनापासून बरं वाटलं.

अर्ज निकाली काढताना जमादारानं विचारलं, कारण काय लिहू? मी सांगितलं, 'वस्तू चोरीस गेलेली नसून देण्यात आली होती' असं लिही. त्यानं ते लिहिलं आणि वर स्वतःहून तहसीलला खेटे घालून आजीच्या अंगठ्याऐवजी मशीनला डोळा दाखवून धान्य मिळायची सोय करून आणली. पेढे त्याला त्या दिवशी मी दिले.

राहिलं ते माझ्या घरी आलेलं जोडवं. ते आजीनं परत घेतलंच नाही, मालकिणीची भाकर खाल्लीय म्हणाली. बायकोही काही कमी नाही. पुढच्या वेळी डबा पाठवताना तिनं तिळाच्या लाडवांखाली ते जोडवं ठेवून दिलं. डबा परत आला तो उडदाच्या डाळीसकट, आणि डाळीत जोडवं. मग हे चालूच राहिलं. माझी बदली झाली, मी निवृत्त होऊन परभणीत स्थायिक झालो, तरी जिंतूरच्या एसटीनं कुणी ना कुणी येता-जाता डबा फिरत राहिला आणि आत ते जोडवं इकडून तिकडं जात राहिलं. दोघी एकमेकींना त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. फोनवर बोलायच्या त्या चटणी तिखट झाली की नाही एवढंच.

गेल्या हिवाळ्यात पुतण्या डबा घेऊन स्वतः आला. आजी झोपेतच गेली होती. डबा तिनं आधीच भरून ठेवला होता. शेवग्याच्या वाळलेल्या शेंगा होत्या आणि खाली पुरचुंडी. पाळी आमची होती आणि डबा कुणाकडं पाठवायचा हे आम्हाला कळेना. बायकोनं तो बरेच दिवस ओट्यावर तसाच ठेवला होता.

मग एक दिवस आम्ही दोघं त्या गावी गेलो. चूल चालू होती, डबेवाली आता बायकांना कामं वाटून देत होती. बाईंनी आम्हाला जेवायला बसवलं. ताट धुऊन झाल्यावर बायकोनं पदराआडून आपल्या साडीच्या चिंधीची पुरचुंडी काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती तोलली नाही, चाचपली नाही, रांजणात सोडून दिली आणि झाकण ठेवलं.

माझं सगळं आयुष्य लोकांच्या गाठी सोडून आत काय आहे ते बघण्यात गेलं. तेच माझं काम होतं आणि त्याची मला लाज नाही. पण माणसाला मदत करायची तर त्याची मूठ झाकलेली राहू द्यावी लागते, हे मला त्या रांजणानं शिकवलं. परत येताना एसटीत बायको खिडकीबाहेर बघत होती. मी तिला विचारलं, जोडवंच टाकलंस ना? ती म्हणाली, "तुम्ही विचारू नका." मी पुन्हा विचारलं नाही.